मृतांविषयीची साक्ष

कोणी कागदात लबाडी केली, किंवा एकाचे बोलणे दुसऱ्यास उलटे करून सांगितले, म्हणजे आमच्या दिंद्रुडच्या बाजूचे लोक लागलेच म्हणतात, "याने ध चा मा केला." असे म्हणणारा शेतकरी असो, दुकानदार असो की शाळेतील पोर असो, त्यास पेशव्यांच्या वंशावळीची माहिती असतेच असे नाही. परंतु अडीचशे वर्षांपूर्वी एका बाईवर आलेला खुनाचा आरोप तो नकळत पुन्हा उच्चारतो, आणि तिला पुन्हा एकदा दोषी ठरवून आपल्या कामास निघून जातो. ती बाई म्हणजे रघुनाथराव पेशव्यांची पत्नी आनंदीबाई.

हकीकत थोडक्यात अशी आहे. तारीख ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्यास शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यास ठार मारिले. तो अवघा अठरा वर्षांचा होता. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली, नारायणरावाचा चुलता रघुनाथराव यास दोषी ठरविले, आणि अशा धन्याची चाकरी नको म्हणून ते पुणे सोडून गेले. रघुनाथरावाचे म्हणणे असे पडले की, आपण पुतण्यास धरावे एवढाच हुकूम दिला होता. मग 'धरावे' याचे 'मारावे' कोणी केले? जेम्स ग्रँट डफ या इंग्रज अंमलदाराने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापून प्रसिद्ध केला, त्यात अक्षर बदलल्याची ही गोष्ट आली, आणि ते आनंदीबाईने बदलले अशी लोकांची समजूत असल्याचेही तीत आले. तोवर बाईस मरून बत्तीस वर्षे झाली होती. पुढे नाटकांनी, कादंबऱ्यांनी व चित्रपटांनी तीच गोष्ट इतक्या वेळा दाखविली की, आता तिच्यावाचून तो खून आठवतच नाही. बदललेला कागद मात्र आज कोणत्याही संग्रहात पाहावयास मिळत नाही, आणि तिचा हात लेखणीवर असताना पाहिलेला साक्षीदार कोणी पुढे आणिला नाही.

आम्ही आनंदीबाईस निर्दोष म्हणत नाही. ती महत्त्वाकांक्षी असेल, कपटीही असेल. आमचे म्हणणे इतकेच की, समजूत ही साक्ष नव्हे. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा आमच्या मंडळ्यांतील लहान मुलांसही पाठ आहे. तेथे शेजारी जिवंत असला पाहिजे असे म्हटलेले नाही. जिवंत शेजारी निदान पंचांपुढे उभा राहून उलट उत्तर करील, फिर्याद लावील, चार माणसे जमवील. मेलेल्यास यांतील काहीच करिता येत नाही. तेव्हा मृताविषयी बोलताना जीभ अधिक सैल सोडावी की अधिक आवरावी, हा प्रश्न वाचकांनी आपल्या मनास विचारावा. आणि ज्याचा धंदाच गोष्ट रचण्याचा आहे, त्या कादंबरीकाराने मेलेल्या माणसाच्या तोंडी शब्द घालावे काय, व घातल्यास कोठवर, असाही त्यापुढचा प्रश्न आहे.

आमच्या मराठी भाषेत हा प्रश्न फार दिवसांचा आहे, कारण येथे इतिहास व कादंबरी ही दोन्ही बहुतेक एकदमच वाढीस लागली. रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची 'मोचनगड' ही ऐतिहासिक कादंबरी १८७१ साली निघाली. पुढे हरि नारायण आपटे यांनी शिवकालावर व इतर काळांवर अनेक लिहिल्या. तिकडे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे हे गावोगाव, वाड्यावाड्यांतून फिरून, माळ्यावर पडलेली व वाळवी लागलेली दप्तरे सोडवीत होते. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' याचा पहिला खंड त्यांनी १८९८ साली छापिला, आणि असे बावीस खंड झाले. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. १९३० पासून गोविंद सखाराम सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातून निवडलेले कागद पंचेचाळीस भागांत प्रसिद्ध केले. एवढे कागद बाहेर आले, तरी ते वाचणारे किती? आमच्या घरांतून लोक कादंबरी वाचतात, आणि आता तर चित्रपट पाहून इतिहास शिकतात. संशोधकाने वीस वर्षे खपून काढलेली तारीख कोणाच्या लक्षात राहत नाही, परंतु कादंबरीकाराने एका रात्री सुचलेला संवाद लिहावा, आणि तो तीन पिढ्यांच्या तोंडी बसावा, असे होते.

आमच्याच जिल्ह्यातील एक ठिकाण घ्यावे. गेवराई तालुक्यात गोदावरीच्या काठी राक्षसभुवन आहे. तेथील शनीच्या देवळामुळे ते नाव पुष्कळांस ठाऊक असेल. १७६३ साली निजामाच्या फौजेने पुणे लुटले व जाळिले, आणि त्याच वर्षी, १० ऑगस्ट रोजी, राक्षसभुवनास मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर तेथे मारला गेला. माधवराव पेशव्यांचे वय तेव्हा अठरा होते. याच माधवरावांवर रणजित देसाई यांनी 'स्वामी' ही कादंबरी लिहिली. ती १९६२ साली निघाली, तीस साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, आणि माधवराव व त्यांची पत्नी रमाबाई यांचे प्रेम मराठी घराघरांत पोहोचले. लढाया, तह, कर्ज, पत्रे यांविषयीचे कागद पुष्कळ आहेत. नवराबायको एकांतात काय बोलली याचा कागद कसा असणार? ते सर्व लेखकाने आपल्या मनातून दिले. १७७२ साली थेऊरास माधवराव क्षयाने वारले व रमाबाई सती गेल्या, एवढे खरे, आणि त्या दोन खऱ्या टोकांमध्ये त्याने आपला पूल बांधिला.

यात काही पाप झाले असे आम्हांस वाटत नाही. ज्या ठिकाणी कागद मुका आहे तेथे लेखकाने दोन माणसांस प्रेमळ मानिले, त्यांचे काही हिरावून घेतले नाही. तथापि एक गोष्ट घडते खरी. सती जाण्याची चाल ही केवढी क्रूर होती हे आमच्या पूर्वीच्या पिढ्यांनी मोठ्या कष्टाने ओळखिले, आणि कादंबरीच्या गोडीत वाचक तेच दृश्य डोळे पुसत, जवळजवळ आदराने वाचतो. गोड गोष्टीसही आपले ओझे असते.

सिंहगडाचेही तसेच आहे. १६७० साली तानाजी मालुसरे कोंढाण्यावर पडला, तेव्हा शिवाजी महाराजांनी एक उद्गार काढिला व त्यावरून गडास नवे नाव मिळाले, अशी गोष्ट आपण शाळेत शिकलो. आपटे यांच्या १९०३ च्या कादंबरीचे नावही तोच उद्गार आहे. पण तानाजीच्या मरणापूर्वीच्या पत्रव्यवहारातच सिंहगड हे नाव आढळते, असे संशोधकांनी दाखविले. येथे कोणाची अब्रू गेली नाही. तानाजी शूर होता तो शूरच राहिला. अशा ठिकाणी आम्ही फार कुरकुर करणार नाही. दुरुस्ती कळली म्हणजे ती शाळेत सांगावी आणि पुढे चालावे.

परंतु छत्रपती संभाजी महाराजांविषयी जे झाले ते निराळ्या जातीचे आहे. १६८९ साली औरंगजेबाने त्यांस हालहाल करून मारिले. त्यानंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी मल्हार रामराव चिटणीस याने बखर लिहिली, आणि संभाजी व्यसनी, उतावळा व क्रूर होता असे चित्र तीत आले. आता हा मल्हार रामराव कोण? संभाजी महाराजांनी ज्या बाळाजी आवजी चिटणीसास १६८१ साली कटाच्या संशयावरून मारविले, त्याच्याच वंशातला. न्यायसभेत असा साक्षीदार उभा राहिला असता तर पंचांनी पहिल्याने त्याचे नातेच विचारिले असते. पण कागद जुना, म्हणून कोणी विचारिले नाही. त्या चित्रावरून नाटके निघाली, काल्पनिक प्रेमप्रकरणे जोडली गेली, आणि राम गणेश गडकरी यांच्या 'राजसंन्यास' या अपुऱ्या राहिलेल्या नाटकातही विलासी संभाजीच आहे. दीडशे वर्षे एका मृत मनुष्याची अब्रू अशी वेशीवर टांगलेली होती.

ती उतरविण्याचे काम कोणी केले? वासुदेव सीताराम बेंद्रे यांनी. त्यांनी अनेक वर्षे देशातील व परदेशातील कागद तपासून १९६० साली संभाजी महाराजांचे चरित्र प्रसिद्ध केले. मागून कमल गोखले यांनीही त्याच विषयावर मोठा अभ्यासग्रंथ लिहिला. नऊ वर्षांच्या कारकिर्दीत मोगल, सिद्दी, पोर्तुगीज अशा चोहोकडच्या शत्रूंशी लढलेला राजा त्या कागदांतून दिसू लागला, आणि मगच, १९७९ साली, शिवाजी सावंत यांची 'छावा' ही कादंबरी आली. म्हणजे एका काळी कथाकारांनी जो मळ लाविला तो संशोधकाने धुतला, व नव्या कथाकाराने त्या धुतलेल्या अंगावर अलंकार घातले. अलंकारही कधी कधी फार होतात, हे आम्ही जाणतो. ज्याचा एकही दोष उरला नाही असा माणूस कागदात तर नाहीच, जगातही सापडत नाही.

या प्रकरणाचा शेवट अजून झालेला नाही. जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातील गडकऱ्यांचा पुतळा काही लोकांनी रात्री उखडून नदीत टाकिला. शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या नाटककाराने त्यापूर्वी मेलेल्या राजाविषयी वाईट लिहिले, म्हणून हा दंड. बेंद्र्यांच्या ग्रंथाने जे साधले ते या घणाने साधले नाही, व साधणारही नव्हते. पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये 'छावा' नावाचा चित्रपट आला, त्यात संभाजी महाराजांस पकडून देण्याचा दोष शिर्के घराण्यातील पुरुषांवर ठेविला होता. त्या घराण्यातील आजच्या लोकांनी हरकत घेतली, आणि दिग्दर्शकाने दिलगिरी प्रदर्शित केली. एकाच्या अब्रूची भरपाई दुसऱ्याच्या अब्रूतून करावयाची, असा हा हिशेब चालला आहे की काय, असे मनात येते. मृतांची मुले जिवंत असतात, हे गोष्ट रचणारा विसरतो.

हे केवळ आमच्याच देशी घडते असे कोणी समजू नये. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स प्रांतात सालेम नावाचे नगर आहे. त्याचा आमच्या भागाशी जुना संबंध आहे. तेथील मंदिरात ६ फेब्रुवारी १८१२ रोजी गॉर्डन हॉल व सॅम्युअल नॉट यांस मिशनकामाची दीक्षा मिळाली, पुढील वर्षी ते मुंबईस उतरले, आणि त्यांनी सुरू केलेल्या मराठी मिशनाचे काम १८३१ साली अहमदनगरास, म्हणजे आताच्या अहिल्यानगरास, येऊन पोहोचले. पण त्या दीक्षेच्या एकशेवीस वर्षे अगोदर, १६९२ साली, त्याच सालेमात मोठा अन्याय झाला होता. शेजारच्या खेड्यात पाळकाच्या घरच्या मुलींस झटके येऊ लागले. आमच्याकडे ज्यास भानामती म्हणतात तसा संशय धरून त्यांनी शेजाऱ्यांची नावे घेतली. न्यायाधीश बसले, आणि चेटूक केल्याच्या आरोपावरून एकोणीस जणांस फाशी दिले. एका म्हाताऱ्याने उत्तर देण्याचे नाकारिले म्हणून त्यास दगडांखाली चिरडून मारिले. आरंभ पाळकाच्याच घरात झाला, हे आम्ही पाळकांनी विशेष ध्यानात ठेवावे.

या खटल्यांवर आर्थर मिलर याने १९५३ साली नाटक लिहिले, ते जगभर गाजले. त्याच्या देशात त्या वेळी साम्यवादी म्हणून लोकांस हुडकून छळण्याचे सत्र चालले होते, त्याविरुद्ध त्याला बोलावयाचे होते, आणि तो हेतू चांगलाच होता. पण नाटकास कारण पाहिजे, म्हणून त्याने ॲबिगेल विल्यम्स ही मुलगी सतरा वर्षांची केली, जॉन प्रॉक्टर हा तिशीतला केला, आणि त्या दोघांचा अनीतीचा संबंध दाखवून त्या सूडातून सारा अनर्थ उपजविला. खरी ॲबिगेल अकरा किंवा बारा वर्षांची पोर होती, आणि खरा प्रॉक्टर साठीच्या घरात होता. मुलीचे वय वाढविल्याचे मिलरने पुस्तकाच्या आरंभी स्वतःच नमूद केले आहे. त्याच्या प्रामाणिकपणास आम्ही मान देतो. पण नाटक पाहणारा ती टीप वाचतो काय? आज लाखो लोकांच्या मनात बारा वर्षांची ती पोर जारिणी म्हणून बसली आहे. आमच्या आनंदीबाईची ती दूरची बहीणच म्हणावी.

त्याच घरात टिटुबा नावाची एक गुलाम स्त्री होती. १६९२ च्या न्यायालयातील कागदांत तिला वारंवार 'इंडियन', म्हणजे तिकडील मूळच्या रहिवाशांपैकी, असे म्हटले आहे. कवींनी व नाटककारांनी पुढे तिची जातच बदलून ती आफ्रिकी ठरविली. तिला कोणी विचारिले नाही, आणि विचारणार तरी कसे? खटला संपल्यावर तिचे काय झाले हे कागदही सांगत नाहीत. या खटल्यांचे सर्व कागद २००९ साली एकत्र नव्याने छापले गेले, त्यामुळे कोण काय बोलले हे आता कोणासही पाहता येते. आणि कागदांत कथेपेक्षा मोठ्या गोष्टी निघतात. आरोप करणाऱ्या मुलींपैकी ॲन पुटनम हिने १७०६ साली मंडळीपुढे उभे राहून, आपल्यामुळे निरपराध लोकांचे प्राण गेले, म्हणून क्षमा मागितली. दोषी ठरलेल्यांपैकी एलिझाबेथ जॉन्सन हिचे नाव निर्दोष ठरविण्याचे राहून गेले होते. आठवीच्या वर्गातील मुलांनी आपल्या शिक्षिकेबरोबर तो प्रश्न उचलून धरिला, आणि २०२२ साली, तीनशेतीस वर्षांनी, त्या प्रांताच्या विधिमंडळाने तिला निर्दोष ठरविले. मेलेल्या बाईला त्याचा काय उपयोग, असे कोणी विचारील. त्यास आम्ही म्हणू की, त्या मुलांस विचारा.

तर मग गोष्टी रचूच नयेत काय? असे म्हणणारा मनुष्य आम्हांस भेटला तर आम्ही त्यास दाविदापुढे उभ्या राहिलेल्या नाथान संदेष्ट्याची आठवण देऊ. गरिबाच्या एकुलत्या एक मेंढीची ती गोष्ट रचलेलीच होती, आणि तिच्यावाचून राजाचे डोळे उघडले नसते. बाबा पदमनजी यांनी १८५७ साली 'यमुनापर्यटन' लिहिले. मराठीतील ही पहिली कादंबरी असे पुष्कळ विद्वान म्हणतात. तीतील यमुना कोणी विशिष्ट बाई नव्हती, पण तिच्या वाटेत भेटणाऱ्या विधवांचे हाल हजारो घरांत चालले होते. या गोष्टींत कोणा नावाच्या मनुष्यावर आरोप नाही. नाव कल्पित व दुःख खरे, अशी ही साक्ष आहे. आनंदीबाईच्या गोष्टीत याच्या उलट आहे, नाव खरे आणि कृत्य संशयित. आमच्या मते या विषयातील सारी अडचण या एका फरकात आहे.

आणि आमच्या वाचकांस रचलेल्या गोष्टीची गरज इतरांहून अधिक आहे, याचेही कारण सांगतो. राजवाड्यांनी दप्तरे जमविली ती कोणाच्या वाड्यांतून? सरदारांच्या, देशमुखांच्या, कुळकर्ण्यांच्या. ज्यांच्या घरी माळाच नव्हता त्यांचे दप्तर कोठून असणार? जुन्या काळी दोन गावांत शिवेचा तंटा पडला तर महाराची साक्ष प्रमाण मानीत. तो पुढे होऊन शीव चालून दाखवी आणि त्याच्या पावलांवर गावाची हद्द ठरे. ज्याच्या सत्यावर गावाने आपली जमीन सोपविली, त्याला गावाने पाणवठ्यावर येऊ दिले नाही. माधवराव पेशव्यांनी सरकारी ओझ्यांसाठी माणसे वेठीस धरण्याची चाल बंद केली, असे ग्रँट डफाने लिहिले आहे. मनाई करणाऱ्याचे नाव त्यामुळे राहिले. ओझे वाहणाऱ्यांपैकी एकाचेही राहिले नाही. राक्षसभुवनास भर पावसाळ्यात फौजा आल्या, तेव्हा त्यांस दाणावैरण कोणी पुरविली, तुडविलेल्या पिकांचे पुढे काय झाले, प्रेते कोणी उचलली? आमच्यापैकी पुष्कळांचे खापरपणजे त्या कामांत असतील, पण कोणत्याही यादीत ते सापडणार नाहीत.

येथे संशोधक थांबतो, आणि थांबलेच पाहिजे. येथे कादंबरीकाराने पुढे व्हावे. मारिझ काँदे या बाईंनी १९८६ साली फ्रेंच भाषेत त्या टिटुबेचीच कहाणी तिच्या तोंडून सांगणारी कादंबरी लिहिली. कागद जेथे संपतात तेथून तिला जन्म दिला, आणि हे सर्व कल्पित आहे हे लपविले नाही. दुसरे उदाहरण आमच्या मंडळ्यांस अधिक जवळचे वाटेल. जॉन एलियट या पाळकाने १६६३ साली मॅसॅच्युसेट्सच्या मूळ रहिवाशांच्या भाषेत सबंध बायबल छापविले. ते छापण्याच्या कामी त्यांच्यातलाच वावाउस ऊर्फ जेम्स प्रिंटर हा तरुण होता. त्यांच्यातलाच केलेब नावाचा मुलगा १६६५ साली हार्वर्ड महाविद्यालयाची पदवी मिळवून पुढल्याच वर्षी क्षयाने वारला. त्याचे लॅटिन भाषेतील एक पत्र तेवढे राहिले आहे. १६७५ साली तेथे गोरे व मूळ रहिवासी यांचे युद्ध पेटले, तेव्हा ज्यांनी नवा धर्म घेतला होता त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी संशय आला. गोऱ्यांनी त्यांस नेटिक वगैरे गावांतून उचलून समुद्रातील डियर बेटावर ठेविले, आणि त्या हिवाळ्यात पुष्कळ माणसे भुकेने व थंडीने मेली. ही हकीकत जुन्या इतिहासांत दोन ओळींत आटोपलेली असे. लिसा ब्रुक्स या विदुषीने २०१८ साली मूळ रहिवाशांच्या बाजूचे कागद, जमिनींची खरेदीखते व गावांची नावे जुळवून त्यावर मोठा ग्रंथ लिहिला.

केलेबवर जेराल्डीन ब्रुक्स या दुसऱ्या लेखिकेने २०११ साली कादंबरी लिहिली. तीत एक गोष्ट आम्हांस फार आवडली. केलेबच्या मनात शिरून 'मी असे म्हणालो, मला असे वाटले' असे तिने लिहिले नाही. शेजारच्या एका कल्पित गोऱ्या मुलीच्या तोंडून त्याची हकीकत सांगविली. म्हणजे वाचकास पदोपदी कळते की, आपण त्यास बाहेरून पाहत आहोत, आणि त्याचे अंतःकरण त्याचे त्यालाच ठाऊक. दुसऱ्याच्या घरात जाताना उंबऱ्यावर थांबून हाक मारावी, तशी ही रीत आहे. आमचे मराठी ऐतिहासिक कादंबरीकार बहुधा हाक न मारिताच माजघरात जातात. गुणांनी ते कोणाहून कमी नाहीत, पण ही सवय त्यांनी थोडी आवरावी असे आम्हांस वाटते.

तेव्हा आमचे मत असे पडते. मृताच्या तोंडी चांगला शब्द घालणे आणि त्याच्या हाती खुनाची लेखणी देणे ही सारखी कृत्ये नव्हेत. नाव नसलेल्यास नाव देऊन उठविणे हे तर ऋण फेडणेच आहे. परंतु ज्याचे नाव खरे, ज्याचे वंशज आहेत किंवा ज्याला बोलावयास कोणीच नाही, त्याच्यावर नवे पाप ठेवावयाचे असेल, तर न्यायसभेत चालेल असा पुरावा हाती असावा. 'ही कादंबरी आहे' ही ढाल तेथे पुरणार नाही. कागदालाही साक्षीदाराप्रमाणेच तपासावे, कारण चिटणिसांची बखर ही कागदच होती. आम्ही राजवाड्यांची मेहनत वंदनीय मानितो, परंतु जुने ते सगळे खरे असा भोळेपणा त्यांच्याही पदरी बांधू नये. ते स्वतः एकेका कागदाचा खरेखोटेपणा पारखीत असत.

हा विषय पुण्याच्या नाटककारांचा आहे, आपला नव्हे, असे कोणी सुवार्तिक बंधू म्हणतील. त्यांनी आपल्या गावच्या पारावर एक संध्याकाळ बसावे. आमचा बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. रझाकारांच्या दिवसांच्या आणि पोलीस ॲक्शनच्या गोष्टी अजून खेड्याखेड्यांत चालतात. अमक्याचा आजा रझाकारांस बातम्या देई, तमक्याच्या आज्याने त्या गडबडीत शेजाऱ्याचे घर लुटिले, असे सहज बोलतात, आणि ज्याच्या आज्याविषयी बोलतात तो नातू त्याच पारावर मान खाली घालून बसलेला असतो. काही गोष्टी खऱ्या असतील. परंतु सांगणारा त्या वेळी जन्मलाही नव्हता, आणि त्याने ज्याच्याकडून ऐकिले तोही घरात दार लावून बसला होता, असे बहुधा निघते. सोयरिकी मोडल्या जातात, शेताच्या वाटा अडविल्या जातात, आणि कारण विचारावे तर १९४८ च्या सुमाराची एक ऐकीव कथा पुढे येते. हाही एक ध चा मा आहे, आणि तो आमच्या दाराशी होत आहे.

ते दिवस समजत्या वयात पाहिलेली माणसे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली, रस्त्याच्या व तलावाच्या कामावर गेलेली, अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी खाल्लेली माणसे मात्र पुष्कळ आहेत. ज्या मंडळीत लिहिता वाचता येणारा एखादा तरुण असेल, त्याने शंभर पानांची एक वही घ्यावी आणि वृद्धांकडे जावे. घाई करू नये, आणि त्यांस शब्द सुचवू नयेत. सांगणाऱ्याचे नाव, वय व गाव घालावे, तारीख घालावी. कोणत्या कामावर होता, मजुरी किती मिळे, सुकडी मिळे की नाही, मुकादम कसा वागे, कोणाच्या घरी मूल दगावले, हे तो सांगेल तसे त्याच्याच बोलीत उतरावे. कोणावर दोष ठेविला तर ज्याच्यावर ठेविला त्याच्या घरच्यांचेही म्हणणे विचारून त्याच पानावर लिहावे. आणि प्रत्येक हकीकतीच्या शेवटी, हे त्याने स्वतः डोळ्यांनी पाहिले की कोणाच्या तोंडून ऐकिले, व ऐकिले तर कोणाच्या, एवढे विचारल्यावाचून उठू नये.